शंभर शेअर आणि जहाजावरचे शंभर डॉलर: क्रूझ कंपन्यांच्या भागधारक क्रेडिटचा मुंबईकरांसाठी हिशेब

क्रूझ कंपनीचे 100 शेअर नावावर असले की त्या कंपनीच्या जहाजावर दर सफरीत 50 ते 250 डॉलर खर्चायला मिळतात. हेच भागधारक क्रेडिट. अमेरिकेतले नेहमी क्रूझला जाणारे लोक ही सोय वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. आता दादर-ठाण्याहून सिंगापूर, बार्सिलोना किंवा अलास्काच्या सफरींना जाणारे वाढलेत आणि मोबाइलवरून अमेरिकी शेअर घेणारेही वाढलेत, त्यामुळे 'घेऊन ठेवावेत का?' हा प्रश्न इथेही विचारला जातो. उत्तर कंपनीगणिक बदलतं, आणि तीन मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या बाबतीत ते सरळ 'नाही' असं आहे.

आधी कोण किती देतं ते पाहू. कार्निव्हल कॉर्पोरेशन 6 दिवसांपर्यंतच्या सफरीला 50 डॉलर, 7 ते 13 दिवसांना 100 आणि 14 किंवा जास्त दिवसांना 250 डॉलर देते. नॉर्वेजियनची रचना तशीच, पण उंबरठा एक दिवसाने पुढे आहे: 6 दिवसांपर्यंत 50, 7 ते 14 दिवस 100, आणि 250 डॉलर 15 दिवसांपासून. म्हणजे 14 दिवसांची एकच सफर कार्निव्हलच्या जहाजावर 250 मिळवून देते आणि नॉर्वेजियनवर 100. रॉयल कॅरिबियन रात्री मोजते: 5 रात्रींपर्यंत 50, 6 ते 9 रात्रींना 100, 10 ते 13 ला 200 आणि 14 पासून 250. सहा रात्रींच्या सफरीला रॉयल दुप्पट देते, आणि 10-12 रात्रींच्या युरोप सफरीला तर सगळ्यांत जास्त.

ही रक्कम खोलीमागे आहे, माणसामागे नाही. आणि शेअर ज्याच्या नावावर आहेत तो माणूस त्या खोलीत राहत असला पाहिजे. नवरा-बायको दोघांकडे प्रत्येकी 100 शेअर असले तरी एका खोलीला एकच क्रेडिट. दोन खोल्या घेतल्या आणि एकेका खोलीत एकेक शेअरधारक राहिला, तरच दोन.

शेअर एका कंपनीचे असले तरी जहाजं अनेक नावांनी फिरतात, हा या सवलतीचा सगळ्यांत चांगला भाग. कार्निव्हलच्या एका गठ्ठ्यावर कार्निव्हल क्रूझ लाइन, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड, सीबोर्न, कोस्टा, आयडा आणि ब्रिटनची पी अँड ओ अशी सगळी जहाजं येतात. रॉयलच्या शेअरवर सेलिब्रिटीची जहाजंही चालतात. नॉर्वेजियनच्या शेअरवर ओशियाना आणि रीजेंट. मात्र चलन जहाजाप्रमाणे बदलतं. युरोत चालणाऱ्या कोस्टासारख्या जहाजांवर 40, 75 आणि 200 युरो, तर ब्रिटिश जहाजांवर 30, 60 आणि 150 पौंड मिळतात. 75 युरो म्हणजे 100 डॉलरपेक्षा थोडे कमीच, तेवढं धरून चाला.

आता पैशाचा हिशेब. भाव रोज हलतात, म्हणून गोल आकडे घेऊ: डॉलर 90 रुपये, कार्निव्हल 25 डॉलर, रॉयल 280 डॉलर. कार्निव्हलचे 100 शेअर म्हणजे 2,500 डॉलर, सव्वादोन लाख रुपये. वर्षातून एकदा सात दिवसांची सफर केली तर 100 डॉलर, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर 4 टक्के. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला 2 टक्के. नॉर्वेजियनचा भावही कमी असल्याने तिचं गणित याच वळणाचं. रॉयलचे 100 शेअर मात्र 28,000 डॉलरचे, सव्वापंचवीस लाखांच्या घरात. तेच 100 डॉलर तिथे 0.36 टक्के पडतात, आणि सिंगापूरच्या तीन-चार रात्रींच्या सफरीला मिळणाऱ्या 50 डॉलरचे 0.18 टक्के. रॉयलचा धंदा आवडतो म्हणून शेअर घ्यायचे असतील तर तो वेगळा विचार झाला. क्रेडिटसाठी म्हणून रॉयल घेऊ नये.

आणि नेमकी इथेच मुंबईकराची अडचण आहे. इथून सर्वाधिक सोपी, पाच-साडेपाच तासांच्या विमानप्रवासावरची क्रूझ म्हणजे सिंगापूरची, आणि तिथे लोक रॉयलच्या जहाजावर चढतात किंवा गेंटिंग ड्रीमवर. गेंटिंग ड्रीम या तिन्ही कंपन्यांपैकी कोणाचंच नाही. डिस्नेचे शेअर बाजारात मिळतात, पण डिस्नेची जहाजं भागधारकांना असं क्रेडिट देत नाहीत. एमएससी ही खासगी कुटुंबाची कंपनी, तिचे शेअर विकतच मिळत नाहीत. बॅलार्ड पिअरवरून गोवा-लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' हे एके काळचं रॉयलचं 'एम्प्रेस ऑफ द सीज'. पण 2020 च्या अखेरीस रॉयलने ते जहाज विकलं, तेव्हा रॉयलचे शेअर तिथे उपयोगाचे नाहीत. मुंबईतून चढता आलं असं कार्निव्हलच्या घरातलं जहाज म्हणजे कोस्टा. कोस्टा सेरेनाने 2023 च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईहून देशांतर्गत सफरी केल्या, तेवढ्यापुरती ती सोय होती.

म्हणून शेअर घेण्याआधी पुढच्या तीन-चार वर्षांत आपण खरोखर कोणत्या जहाजावर चढणार आहोत हे कागदावर मांडा. अलास्का प्रिन्सेसने किंवा हॉलंड अमेरिकाने करायचा बेत आहे, भूमध्य समुद्र कोस्टाने करायचा आहे, मुलांकडे अमेरिकेत गेल्यावर मायामीहून कॅरिबियन करायचं आहे, अशा घरात कार्निव्हलचे शेअर शोभतात. फक्त सिंगापूरचा शनिवार-रविवार जोडून जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. तीन रात्रींच्या 50 डॉलरसाठी विवरणपत्राचा व्याप वाढतो, तो पुढे सांगितलाच आहे.

शेअर घ्यायची वाट सगळ्यांना सारखी: रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पॅन लागतो, बँकेत ए-2 फॉर्म भरावा लागतो. बहुतेक अॅप तो ऑनलाइन भरून घेतात. वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर) नाही, त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी 20 टक्के. कार्निव्हलचे सव्वादोन लाख या मर्यादेत आरामात बसतात. रॉयलचे 25 लाख 20 हजार पाठवले तर वरच्या 15 लाख 20 हजारांवर 3 लाख 4 हजार रुपये टीसीएस कापला जातो. तो बुडत नाही, 26एएस या करखात्याच्या विवरणात दिसतो, विवरणपत्रात वळता होतो, पगारदाराला तो कार्यालयात कळवून टीडीएसमध्येही धरून घेता येतो. पण तोवर पैसे अडकतात. ज्या घरात त्याच वर्षी त्याच पॅनवरून मुलीची परदेशातली फी जाते, तिथे दहा लाखांची मर्यादा आधीच संपलेली असते, हे विसरलं जातं. अशा वेळी शेअर दुसऱ्या पालकाच्या स्वतःच्या पैशातून आणि त्याच्या पॅनवरून घ्यावेत. नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावे घेतले तर लाभांश आणि नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो.

पैसे पाठवताना बँकेचं शुल्क आणि डॉलरच्या भावातला फरक हे दोन खर्च लागतात. धरा, शुल्क हजार रुपये आणि भावातला फरक एक टक्का. सव्वादोन लाखांवर जीएसटीसह साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 40 डॉलर. पहिल्या सफरीच्या क्रेडिटमधला एवढा भाग आधीच गेला. म्हणून दर महिन्याला पाच-पाच शेअर घेण्यात अर्थ नाही, प्रत्येक वेळी बँकेचं ठरावीक शुल्क बसतं. एकदाच पाठवा, एकदाच घ्या. आणि रक्कम थोडी जास्त पाठवा, कारण पैसे पोचेपर्यंत भाव दोन डॉलरने वर गेला तर 100 ऐवजी 92 शेअर हातात येतात आणि 92 शेअरला क्रेडिट शून्य. उरलेले डॉलर तसेच पडू देऊ नका. एलआरएसने पाठवलेले आणि गुंतवलेले नसलेले पैसे 180 दिवसांत परत आणावे लागतात.

अपूर्णांकातल्या शेअरमध्ये हमखास घोळ होतो. भारतीय अॅप रकमेत खरेदी करू देतात: '2,500 डॉलरचे द्या' म्हटलं की 99.4 शेअर येतात. ऑर्डर देताना 'शेअरची संख्या' हा पर्याय निवडा आणि पूर्ण 100 लिहा, शक्यतो 101. ईटीएफ किंवा म्युच्युअल फंडात कार्निव्हल असली तरी ती तुमची मालकी धरली जात नाही. परदेशी मंचांवर 'याच शेअरवर कॉल ऑप्शन विकून आणखी कमवा' असा सल्ला सापडतो. एलआरएसच्या पैशावर मार्जिन आणि डेरिव्हेटिव्हचे व्यवहार चालत नाहीत, त्यामुळे तो सल्ला आपल्यासाठी नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. आपल्याकडे पॅनवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, लग्नानंतर एका ठिकाणी माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं. ब्रोकरचं खातं पॅनप्रमाणे उघडतं, क्रूझचं बुकिंग पासपोर्टप्रमाणे होतं, आणि क्रेडिट तपासणारा माणूस स्टेटमेंटवरचं नाव बुकिंगच्या नावाशी ताडून पाहतो. ही दोन नावं जुळत नसतील तर दुरुस्ती शेअर घेण्याआधी करा, सफरीच्या महिनाभर आधी नाही. पॅन आणि पासपोर्ट एकसारखे करून घेतले की व्हिसापासून सगळ्याच ठिकाणी सोपं जातं.

पुरावा म्हणून ब्रोकरचं मासिक स्टेटमेंट लागतं. त्यावर तुमचं नाव, तारीख, कंपनीचं नाव आणि शेअरची संख्या दिसली पाहिजे. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाका. अॅपच्या पडद्याचा फोटो चालणार नाही असं धरूनच चाला, कारण त्यावर बहुधा पूर्ण नाव नसतं. अॅपच्या 'कागदपत्रे' भागात अमेरिकी ब्रोकरने काढलेली मूळ पीडीएफ मिळते, तीच घ्या, आणि ताज्या महिन्याची घ्या. कार्निव्हलने अर्जाचं काम आता स्टॉकपर्क्स नावाच्या अॅपकडे दिलं आहे. तिथे अमेरिकेतल्या ब्रोकरची खाती जोडता येतात. भारतीय अॅपचं खातं तसं जोडलं जाईलच यावर विसंबू नका, पीडीएफ हाताशी ठेवा.

अर्जात जहाजाचं नाव, सुटण्याची तारीख आणि बुकिंग क्रमांक लागतो. हा क्रमांक क्रूझ कंपनीचा हवा, टूरवाल्याचा नव्हे. ग्रुप टूरने जाणाऱ्यांची इथे पंचाईत होते. टूर कंपनी स्वतःचा फाइल नंबर देते, खोल्या एकगठ्ठा घेतलेल्या असतात आणि कोण कोणत्या खोलीत हे शेवटच्या आठवड्यांत ठरतं. बुकिंग करतानाच सांगा की आमच्या नावाचा क्रूझ कंपनीचा आरक्षण क्रमांक आम्हाला सहा आठवडे आधी हवा आहे. क्रूझ सुटण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी अर्ज गेला पाहिजे, आणि पूर्ण पैसे भरून झाल्यावर लगेच केला तर उत्तम. एजंट दरात, टूर मॅनेजर म्हणून किंवा फुकट मिळालेल्या सफरीवर जाणाऱ्याला कार्निव्हल ही सवलत देत नाही.

सवलत कायमची नाही हेही ध्यानात ठेवा. अमुक तारखेपर्यंतच्या सफरींना लागू, अशी मुदत असते आणि ती वाढवली जाते. आजवर वाढत आली आहे, पण कंपनीवर तसं बंधन नाही. दोन वर्षांनंतरची सफर आज आरक्षित करत असाल तर मुदतीची तारीख तेव्हा पुन्हा तपासा. शेअर सफर संपेपर्यंत विकू नका.

क्रेडिट मिळालं, आता ते खर्चायचं कशावर? कॅसिनोत चालत नाही. रोख मिळत नाही, उरलं तर शेवटच्या रात्री संपतं. कार्निव्हलच्या नियमात रोजच्या टिप्सवरही ते चालत नाही, आणि हीच आपल्याला खटकणारी गोष्ट आहे, कारण माणशी दिवसाला 16-17 डॉलर आणि वर अशा टिप्स हा सगळ्यांना न चुकता पडणारा खर्च. तो बाहेर राहतो. उरतं काय तर वायफाय, पेयं, वेगळे पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंटं, स्पा, दुकानं, फोटो आणि किनाऱ्यावरच्या सहली.

इथे 100 डॉलरचे खरे 100 डॉलर होत नाहीत. वायफाय आणि पेयांची पॅकेजं सफरीआधी ऑनलाइन घेतली तर बहुतेक वेळा स्वस्त पडतात, पण भागधारकाचं क्रेडिट खात्यावर येतं ते सफरीच्या तोंडावर. म्हणजे त्याने जे घेणार ते जहाजावरच्या भावाने. म्हणून घरी व्हॉट्सअॅप कॉल लावण्यासाठी सातही दिवस वायफाय लागणारच असेल तर ते आधी स्वतःच्या पैशाने घ्या आणि क्रेडिट अशा गोष्टीसाठी ठेवा जिचा भाव जहाजावर तोच असतो: सुट्या कॉफ्या, ताज्या संत्र्याचा रस, एक स्पेशल जेवण, ऐन वेळी ठरवलेली बंदरावरची सहल. मद्य न घेणाऱ्या शाकाहारी कुटुंबाला 100 डॉलर संपवायला सहलच सोयीची. दारू आणि स्टेक यांच्या भोवती आखलेल्या या खर्चाच्या जागांत त्यांच्यासाठी तशाही थोड्याच गोष्टी असतात.

पाठोपाठच्या दोन सात दिवसांच्या सफरी दोन वेगळ्या बुकिंगने घेतल्या तर कार्निव्हलकडून 100 आणि 100 मिळतात. तोच मार्ग कंपनी 14 दिवसांची एकच सफर म्हणून विकत असेल तर 250. भाडं सारखं पडत असेल तर दुसरा पर्याय घ्या, मात्र अर्जात तोच एक बुकिंग क्रमांक लिहा.

कराच्या बाजूने पाहिलं तर रक्कम लहान आणि कागद मोठा. परदेशी शेअर आले की आयटीआर-1 बंद, आयटीआर-2 भरावा लागतो आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. तिथे हिशेब आर्थिक वर्षाचा नसून 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा असतो: घेतल्याची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, अखेरची किंमत. करपात्र उत्पन्न नसलं तरी परदेशी मालमत्ता असली की विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं. म्हणून घरातल्या आईच्या नावे शेअर घेऊन 'तिला काय रिटर्न भरायचाय' असं म्हणू नका. अचल मालमत्ता सोडून बाकी परदेशी मालमत्ता 20 लाखांपर्यंत असेल तर न दाखवल्याचा 10 लाखांचा दंड ऑक्टोबर 2024 पासून लागत नाही, पण दाखवण्याचं कर्तव्य तसंच आहे. आणि रॉयलचे 100 शेअर वरच्या भावाने ही रेघ ओलांडतात. विक्रीवरचा नफा 24 महिन्यांनंतर 12.5 टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे.

एक गोष्ट या कंपन्यांच्या बाजूची. अमेरिकी कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या परदेशी माणसाच्या पश्चात 60,000 डॉलरवरच्या मालमत्तेला अमेरिकेचा वारसा कर लागू होऊ शकतो. या तिन्ही कंपन्या न्यूयॉर्कच्या बाजारात असल्या तरी नोंदणी अमेरिकेतली नाही: रॉयल लायबेरियात नोंदलेली, नॉर्वेजियन बर्म्युडात, कार्निव्हल मूळची पनामात नोंदलेली. अमेरिकेबाहेर नोंदलेल्या कंपनीचे शेअर त्या करात मोजले जात नाहीत.

शेअर म्हणून जोखीम किती, याचं उत्तर 2020 ने दिलं. जानेवारीत 50 डॉलरच्या आसपास असलेला कार्निव्हलचा भाव एप्रिलच्या सुरुवातीला 10 डॉलरच्या खाली होता. जहाजं बंदरात उभी राहिली, लाभांश थांबला, कर्जाचा डोंगर झाला. 100 शेअरवर 4,000 डॉलरचं नुकसान, म्हणजे सात दिवसांच्या 40 सफरींचं क्रेडिट. तो भाव त्यानंतरही अनेक वर्षं जुन्या जागी आला नाही. म्हणून सव्वादोन लाख ही रक्कम अशीच धरा, जी पाच वर्षं अर्ध्यावर राहिली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही. मुलाच्या प्रवेशाचे पैसे तीन महिन्यांसाठी इथे ठेवू नयेत.

मुलगा-सून अमेरिकेत असतील तर शेअर तिथेच त्यांच्या नावावर आधीच असण्याची शक्यता बरीच. क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे मुंबईहून गेलेल्या आई-बाबांच्या वेगळ्या खोलीला ते मिळणार नाही. चौघांना दोन खोल्या घ्यायच्या असतील आणि मुलगा-सून दोघांकडे प्रत्येकी 100 शेअर असतील, तर कागदोपत्री एका खोलीत मुलगा आणि बाबा, दुसरीत सून आणि आई अशी नावं लावा. दोन्ही खोल्यांना क्रेडिट येतं, आणि जहाजावर चढल्यावर स्वागत कक्षात सांगितलं की एकमेकांच्या खोलीच्या जादा चाव्या बनवून देतात.

जहाजावर पहिल्याच संध्याकाळी अॅपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर आपलं खातं उघडा. क्रेडिट दिसत नसेल तर मंजुरीच्या ईमेलची छापील प्रत घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर जा. शेवटच्या संध्याकाळी तिथे लांब रांग असते, आणि तोवर ते पैसे वापरायलाही वेळ उरलेला नसतो.